खडखड काय सांगते?

गेल्या रविवारी सकाळी पुतण्या दारात येऊन हॉर्न वाजवू लागला. बाहेर येऊन पाहतो तो काय, आमच्या आबांची बुलेट! १९६७ सालची ही गाडी गेली कित्येक वर्षे सोप्यात जुनी गोधडी पांघरून उभी होती. पुतण्याने वर्षभर खटपट करून ती चालती केली. टाकीला नवा काळा रंग, त्यावर सोनेरी रेघा, आरशासारखा सायलेन्सर. एखाद्या म्हाताऱ्याला लग्नघरात फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसवावे, तशी ती ऐटीत दिसत होती.

"काका, गाडी एक नंबर झाल्या," तो म्हणाला. "फक्त मागनं जरा खडखड येत्या. तेवढी बंद करून घेतो आणि आईला घेऊन पन्हाळ्याला चक्कर मारून येतो."

त्याचे बाकीचे बोलणे माझ्या कानावरून गेले. 'बंद करून घेतो' हे तीन शब्द मात्र अडकून बसले. मी त्याला म्हटले, "गाडी स्टँडवर लाव, बूट काढ आणि आधी चहा घे. आज पन्हाळा नाही."

त्याला माझे वागणे विचित्र वाटले असणार. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुनी मोटारसायकल नाही, त्यांनाही हा विषय परका वाटेल. पण त्यांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. कुकरच्या दांडीचा स्क्रू, छताच्या पंख्याच्या बोल्टमधली पिन, शिलाई मशीनचे पायडल, माळ्यावर चढायची शिडी, झोपाळ्याच्या कड्या, मुलाची सायकल. सैल होणाऱ्या वस्तू प्रत्येक घरात आहेत. आणि त्या सैल होताना काहीतरी बोलतही असतात. आपण काय ऐकतो आणि ऐकून काय करतो, एवढाच प्रश्न आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात सांभाळलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. अशा गाड्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि त्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. आमच्या आबांना हे कळले असते तर ते खो खो हसले असते. त्यांच्या लेखी ही गाडी म्हणजे शाळा, बाजार, शेत आणि पाहुण्यांचे गाव यांना जोडणारा घोडा होता. तिच्यावरून खताची पोती आली, गणपती आला, आणि माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर आईने याच गाडीवरून घरी आणले, असे अजून सांगतात.

कोल्हापूरला यंत्राचे कौतुक मुळातच फार. बाबूराव पेंटरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात लेथवर घडवला. त्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. शिवाजी उद्यमनगरचे नाव निघाले की म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या आठवणी निघतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आजही ओतलेल्या भागावर हातोडीने टिचकी मारून कान देणारी माणसे आहेत. भाग निकोप असेल तर घंटेसारखा नाद येतो, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. पापाच्या तिकटीजवळच्या कुंभार गल्लीत आपली आजी मडके घेताना वेगळे काय करायची? बोटाने टकटक करायची आणि मगच पैसे मोजायची. रेल्वेतही लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याच्या प्रत्येक चाकावर ठोका मारत जाणारा माणूस जुन्या लोकांनी पाहिला असेल. पाहण्याइतकेच ऐकणे हीही तपासणीच आहे, हे या गावाला कोणी शिकवायला नको.

आता बोल्ट सैल का होतात ते पाहू. जुन्या बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे, एकाच सिलिंडरचे. त्यात सत्तर मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या नव्वद मिलिमीटर वर-खाली धावतो. एक जडसर वस्तू अशी जोरात वर-खाली फेकली की तिचा हिसका कुठेतरी बसणारच. क्रँकला उलट वजन लावून तो थोडा कमी करता येतो, पण एका सिलिंडरच्या इंजिनात साध्या उलट वजनाने तो पुरता नाहीसा होत नाही. शिवाय या गाडीचे इंजिन फ्रेमला थेट बोल्टने आवळलेले, मध्ये रबर नाही. त्यामुळे प्रत्येक हिसका फ्रेमला, मडगार्डला, दिव्याला आणि बसणाऱ्याच्या हाडांना पोचतो. मिनिटाला अडीच हजार फेरे धरले, तर कोल्हापूर ते पन्हाळा या अर्ध्या तासात इंजिन पंच्याहत्तर हजार फेरे मारते. म्हणजे गाडीवरचा प्रत्येक नट तितके हिसके सोसतो. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्यात वेगळे मिळवायचे.

बोल्ट आवळला म्हणजे तो घट्ट बसला, एवढेच आपल्याला कळते. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो केसभर लांबतो, आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आपण पान्यावर जेवढा जोर लावतो, त्यातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले, की बोल्टला सर्वांत जास्त त्रास होतो तो आडव्या हादऱ्यांनी. जोडलेले भाग आडवे घसरू लागले की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते, आणि तेवढ्या क्षणात नट स्वतःहून थोडासा उलटा फिरतो. असे हजारो क्षण मिळाले की तो मोकळा होतो. आपण ज्याच्यावर भरवसा ठेवतो तो कापलेल्या कड्याचा स्प्रिंग वायसर अशा हादऱ्यांपुढे फारसा टिकत नाही, हेही त्याच प्रकारच्या चाचण्यांत दिसले. नायलॉनचे कडे असलेला नट, आरपार घातलेली पिन, आट्यांना लावायचा खास गोंद हे उपाय अधिक चांगले. पण या सगळ्यांच्या आधी बोल्ट पुरेसा ताणलेला हवा.

पुरेसा म्हणजे किती? आमचे जुने मिस्त्री उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचे. ते लांब दांड्याचा पाना पोरांच्या हाती देत नसत. "लई जोर हाय म्हणून लई आवळू नगंस," ते म्हणायचे. "नट रडाय लागला की थांबायचं." ॲल्युमिनियमच्या इंजिनात लोखंडी बोल्ट जास्त आवळला की आटे सोलून निघतात, आणि मग तो बोल्ट जन्मभर सैलच राहतो. दुसरी गंमत पान्यांची. या गाडीचे आटे इंग्रजी इंचाच्या हिशेबाचे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे माप ठरवले, त्यात आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा; मिलिमीटरच्या बोल्टचा कोन साठ अंशांचा. मिलिमीटरचा बोल्ट इंचाच्या भोकात दोन फेरे गोडीने जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला दोघांचाही नाश करतो. मिलिमीटरचा पाना इंचाच्या नटावर 'जवळजवळ' बसतो आणि त्याचे कोपरे खातो. १९५५ साली बुलेट मद्रासमध्ये तयार होऊ लागली आणि मूळ इंग्लिश कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली. पण तो इंचाचा वारसा आपल्याकडे कित्येक वर्षे चालत राहिला. आबांच्या गाडीसाठी इंचाचे पाने एका तेलकट खाकी पिशवीत गुंडाळून ठेवलेले असत. त्या पिशवीला हात लावायची परवानगी मिळाली, तेव्हा मी दहावीत होतो आणि मला मुंज झाल्यासारखे वाटले होते.

दर शनिवारी संध्याकाळी गाडी तपासायचे काम माझ्याकडे आले. पद्धत मिस्त्रींनी घालून दिली होती. ती आजही कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

इंजिन थंड असताना पहिल्यांदा गाडी पुसायची. रॉकेलच्या बोळ्याने प्रत्येक भाग पुसत गेले की डोळा आपोआप प्रत्येक नटापर्यंत जातो. नटाभोवती तांबूस भुकटी दिसली की समजावे, इथे दोन लोखंडे एकमेकांवर घासत आहेत. रंगाला केसासारखी चीर गेलेली दिसली, वायसरभोवती चकचकीत कडे उमटले, तेलाची काळी रेघ ओघळली, तर तिथे हालचाल आहे. त्यानंतर हाताने हलवायचे. पुढचे चाक उचलून चिमटा मागे-पुढे ओढायचा. 'कट' असा आवाज आला की हँडलच्या बेअरिंगमध्ये ढिलाई. टायर वर आणि खाली धरून हलवायचा. चाक डुलले की चाकाच्या बेअरिंगमध्ये. मग तारांवर पान्याने हलका ठोका द्यायचा. आवळलेली तार गाते, सैल तार 'थप' करते. चेन मधोमध वर-खाली करून पाहायची; साधारण इंचभर हलली पाहिजे. शेवटी पाने घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, एक बाजू संपल्यावर दुसरी, असे ओळीने जायचे. मध्येच उडी मारायची नाही. तपासलेल्या नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. पुढच्या शनिवारी रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. ही रेघ अशिक्षित माणसालाही वाचता येते.

आवाज शोधण्याचीही रीत होती. गाडी उभी असताना इंजिनाचा वेग वाढवल्यावर खडखड आली, तर कारण इंजिनाच्या हादऱ्यात. उतारावर इंजिन बंद करूनही आली, तर चाक, ब्रेक किंवा चेन. फक्त खड्ड्यात आली, तर चिमटा, मडगार्ड, पेटी. इंजिनातला आवाज हवा असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. फ्रान्सच्या लेनेक या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचा आवाज ऐकला, त्यातलाच हा प्रकार. आणि बाहेरचा आवाज असेल तर एकेका पत्र्यावर बोट टेकवत जायचे. बोट टेकवताच आवाज थांबला की तो पत्रा सापडला. पण इथे मिस्त्री नेहमी एक वाक्य जोडायचे : "आवाज गावला म्हंजे कारण गावलं, असं न्हाई."

मला ते वाक्य पाठ होते. पाठ असणे आणि समजणे यात मात्र बरेच अंतर असते.

१९८४ सालची दिवाळी नुकतीच संपली होती. शनिवारी संध्याकाळी गल्लीत क्रिकेटचा सामना ठरलेला आणि आबांची गाडी तपासायची राहिलेली. दुसऱ्या दिवशी आई-आबा पन्हाळ्याला मावशीकडे जाणार होते. आबा म्हणाले, "मागनं खळ्ळ खळ्ळ येतंय बघ जरा." मी गाडी सुरू केली आणि बोट टेकवत गेलो. चेनकव्हरवर बोट ठेवताच आवाज थांबला. सापडले! सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापली, कव्हर आणि त्याच्या कानामध्ये ठासली, वरून स्क्रू आवळला. खडखड गेली. आबांनी एक फेरी मारली आणि उतरताना पाठीवर थाप दिली : "शाबास. आवाज घालवलास." मी बॅट घेऊन पळालो.

चेनकव्हर का वाजत होते, हे मी पाहिले नव्हते. मागच्या ॲक्सलचा नट सैल झाला होता. या गाडीत चाक जागेवर धरायला गोगलगायीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. नट सैल होताच त्यांतली एक सरकली, चाक किंचित तिरके झाले आणि चेन लोंबू लागली. लोंबणारी चेन कव्हरवर आपटत होती. ती खळ्ळ खळ्ळ म्हणजे चेनची हाक होती, आणि मी ज्याचे दार वाजत होते त्याच्याच तोंडात बोळा कोंबला होता.

रविवारी संध्याकाळी पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना चेन दात्यांवरून उडाली आणि चाकात अडकली. मागचे चाक जागीच थांबले. गाडी आडवी होऊन फरफटत गेली. मागून कोणते वाहन येत नव्हते, म्हणून मी आज हे लिहितो आहे. आबांचे गुडघे सोलले. आईचे उजवे मनगट मोडले.

सोमवारी गाडी टेम्पोतून मिस्त्रींकडे आली. मी तिथे उभा होतो. त्यांनी चेनकव्हर खोलले, रबराची पट्टी ओढून काढली, क्षणभर पाहिली आणि माझ्या तळहातावर ठेवली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आवाज गेला बाळ, पर नट ढिलाच हुता." आबांना त्यांनी काय सांगितले ते मला कधीच कळले नाही. आबांनीही विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आईचे हाड जुळले, पण मनगट पूर्वीसारखे वळले नाही. त्यानंतर तिच्या हातची भाकरी एका बाजूला जाड राहायची. आबा जेवायला बसले की तो जाड कडेचा तुकडा आधी स्वतःकडे मोडून घेत. आमच्या घरात त्या अपघाताबद्दल जे काही बोलणे झाले, ते एवढेच.

पुढे वाचनात एका पुलाची हकिगत आली आणि मी पुस्तक मिटून बसलो. स्कॉटलंडमध्ये डंडी गावाजवळ टे नदीवर लांबलचक लोखंडी रेल्वेपूल बांधला होता. तो १८७८ साली वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी पुलाची देखरेख करणाऱ्या हेन्री नोबल या माणसाला उंच खांबांमधल्या तिरप्या लोखंडी पट्ट्या खडखडताना ऐकू आल्या. सांधे सैल झाले होते. नोबल काही लोखंडी कामाचा जाणकार नव्हता, पण माणूस कष्टाळू. त्याने लोखंडाच्या पातळ चिपा आणल्या आणि सैल झालेल्या फटींत ठोकून बसवल्या. खडखड थांबली. पुलाच्या अभियंत्याला त्याने त्या वेळी कळवले नाही. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात पुलाचा मधला भाग आगगाडीसह नदीत कोसळला. गाडीतला एकही माणूस वाचला नाही. चौकशीत पुलाची रचना, बांधणी आणि देखभाल या तिन्हींत दोष निघाले. एकट्या नोबलच्या माथी तो अपघात मारणे अन्यायाचे होईल. वाऱ्याचा जोर मुळात धरलाच नव्हता. पण वर्षभर आधी तो पूल बोलला होता. त्याचे बोलणे वरपर्यंत गेले नाही, कारण ते तिथल्या तिथे बंद झाले.

दीडशे वर्षांपूर्वीचे आणि परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर मोरबी आठवते. गुजरातमधला तो झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला झाला आणि चारच दिवसांनी तुटला. १३५ माणसे गेली. तपास पथकाच्या अहवालात आले, की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून तुटल्या असाव्यात. वरची चालायची फळी मात्र नवी घातली होती. आमच्या पुतण्याच्या बुलेटच्या टाकीवर नव्या सोनेरी रेघा होत्या, त्या मला एकदम टोचल्या त्या यामुळे.

आपल्या सार्वजनिक जीवनात रबराच्या पट्टीला फार मागणी आहे. कारखान्यात एखादा कामगार म्हणतो, या मशीनचा आवाज आज वेगळा येतोय. त्याला 'तुझे नेहमीचेच' म्हणून गप्प केले जाते. सोसायटीच्या सभेत कोणी जिन्याच्या कठड्याचा विषय काढला, की तो माणूस 'किरकिऱ्या' ठरतो. शाळेच्या बसचे दार नीट लागत नाही हे पोर घरी येऊन सांगते, आपण दोरी बांधून देतो. गुडघा दुखतो, आपण गोळी घेतो आणि जिने चढतो. नवरा-बायकोच्या, बाप-लेकाच्या संसारातही एखादी कुरबुर वारंवार त्याच जागी येते. आपण तिथे साडी, सहल किंवा पॉकेटमनी ठासून पुढे निघतो. खडखड करणारी वस्तू आणि तक्रार करणारा माणूस या दोघांचाही आपल्याला सारखाच त्रास होतो. तो त्रास खोटा नाही. पण तो संपवायला कारणापर्यंत जावे लागते, आणि कारण बहुधा आवाजापासून दोन हात दूर, चिखलात बरबटलेले असते.

हल्ली तर वेगळाच प्रकार दिसतो. गाडीला मुद्दाम फट्फट् करणारा सायलेन्सर बसवायचा, कानात गाणी लावायची आणि गाव दणाणून सोडत जायचे. साऱ्या गल्लीला गाडी ऐकू येते. चालवणाऱ्याला मात्र स्वतःच्या गाडीतले काहीच ऐकू येत नाही.

तपासणीच्या कामाला मान नाही, हेही एक कारण आहे. अपघात झाल्यावर धावून जाणाऱ्याचा सत्कार होतो आणि तो व्हावाच. पण शनिवारच्या शनिवारी नट तपासून जो अपघात होऊच देत नाही, त्याचे कर्तृत्व दिसणार कसे? न घडलेल्या गोष्टीचा फोटो छापता येत नाही. म्हणून आपण गाडीला रंग देतो, पुलाला रंग देतो, आणि पाना पिशवीतच राहतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करताना तपासणी करावी, असा कायदा आहे. कायद्याची तपासणी पाच वर्षांतून एकदा. नट मात्र रोज हिसका खातो. मधल्या दिवसांची जबाबदारी ज्याची गाडी त्याची.

चहा झाल्यावर मी पुतण्याला आबांची खाकी पिशवी दिली. दोघांनी मिळून गाडी पुसायला घेतली. त्याची खडखड तासाभरात सापडली. हत्यारांच्या पेटीच्या झाकणाचा स्क्रू झिजला होता, एवढेच. तो हसून म्हणाला, "बघा, उगाच घाबरवलंत की मला!"

"ओळ पुरी करू," मी म्हटले.

पुढच्या चाकाचा ॲक्सल चिमट्याच्या टोकाशी टोप्यांमध्ये धरलेला असतो. उजव्या टोपीच्या एका नटाभोवती तांबूस भुकटी दिसली. मी त्याला बोट लावायला सांगितले. नट बोटाने फिरला. त्याचा चेहरा उतरला. वर्षभराच्या कामात, नव्या रंगात आणि नव्या पॉलिशमध्ये तो नट हाताने बसवून पाना लावायचा राहून गेला होता. आणि त्याचा एकही आवाज येत नव्हता. पेटीचे झाकण वाजले म्हणून आम्ही खाली बसलो, खाली बसलो म्हणून तो दिसला. खडखड नेहमीच गुन्हेगाराचे नाव सांगते असे नाही. कधी कधी ती फक्त आपल्याला जागे करून वाकायला लावते.

त्याने सगळे नट ओळीने आवळले, पांढऱ्या रेघा ओढल्या. पिशवीच्या तळाशी त्याला रबराची वाळकी पट्टी सापडली. "ही कशाला ठेवलीय काका? टाकू?" मी त्याला चाळीस वर्षे न सांगितलेली गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "आजीची भाकरी म्हणून तशी असायची?" आणि ती पट्टी परत पिशवीत ठेवली.

आज तो आईला घेऊन पन्हाळ्याला निघाला आहे. नवे आवळलेले नट पहिल्या काही किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे लागतात. वायसरखालचा रंग दबतो, सांधे बसतात. म्हणून निघताना त्याला एवढेच सांगितले : वाघबीळला थांब, गाडी बंद कर, थंड होऊ दे आणि पाने घेऊन एकदा सगळ्या नटांवरून जा. जाताना तर थांबच, पण येताना उतरण्याआधी वरही थांब. आईला कंटाळा आला तरी चालेल.